छातीत वाजणारा आवाज मीटरला ऐकू येत नाही

गणपती आले की एक बातमी माझी ठरलेली असते. ‘डीजेच्या दणदणाटाने नागरिक त्रस्त, कारवाईची मागणी.’ वीसेक वर्षं आर्वीत बातमीदारी करतोय. पत्रकारितेचा डिप्लोमा घेऊन आलो तेव्हापासून मथळा थोडाफार बदलतो, मजकूर तोच. यंदा ती बातमी मी अजून लिहिलेली नाही. का नाही, ते सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

मागच्या वर्षी ज्या दिवशी ती बातमी छापून आली, त्याच रात्री साडेनऊला आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर शेजारच्या काकू.

“भाऊ, जराक आवाज कमी कराल का? यायले झोप नाही लागून राहिली.”

मला वाटलं रस्त्यावर कुठं तरी वाजतंय. म्हटलं, “कुठं वाजून राहिलं काकू? मी ठाण्यात फोन करतो.” काकू जरा ओशाळल्या. म्हणाल्या, “नाही भाऊ. तुमच्याच घरी.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला होता. मी आणि पोरगा सिनेमा पाहत होतो. आवाज मोठा नव्हता. बायको स्वयंपाकघरातून बोललेलं ऐकू येत होतं, इतका कमी. पण त्याआधीच्या दिवाळीत मी हौसेनं एक सबवूफर आणला होता. दहा इंची, काळा डबा, कोपऱ्यात ठेवलेला. नुसत्या टीव्हीच्या आवाजात मजा नाही, हे पोरानं पटवून दिलं होतं, आणि मलाही ते पटून घ्यायचंच होतं.

काकूंच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. काकाजींची बायपास झालेली. त्यांचा पलंग आमच्या-त्यांच्या सामाईक भिंतीला लागून. घरी पोराला सांगून आलो होतो की सिनेमा तसाच चालू ठेव. त्या खोलीत संवाद ऐकू येत नव्हते, संगीत ऐकू येत नव्हतं. फक्त भिंतीतून धम्म… धम्म… येत होतं. मांडणीवरचे स्टीलचे पेले मधूनच किणकिणत होते. काकाजी डोळे उघडे ठेवून वरच्या टिनाकडे पाहत पडले होते. मला पाहून म्हणाले, “छातीत वाजते बापा.”

छाती कापून शिवलेला माणूस ‘छातीत वाजते’ म्हणतो, तेव्हा त्यावर काही बोलता येत नाही.

तरी माझ्यातला बातमीदार गप्प बसेना. खिशातून फोन काढला, आवाज मोजायचं ॲप उघडलं. आकडा ४१-४२ च्या आसपास. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे मीटरप्रमाणे मी निर्दोष होतो. काकाजी जागे होते, पेले वाजत होते, आणि आकडा म्हणत होता की काहीच झालेलं नाही.

ही गडबड काय आहे, हे समजून घ्यायला मला वर्ष लागलं. जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी हा डबा काय करतो ते

आपल्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो. त्यातला तळाचा भाग, म्हणजे साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा, वाजवायचं काम सबवूफरचं. सूर जितका खालचा, तितकी जास्त हवा हलवावी लागते. त्याच मोठेपणाचा आवाज एक सप्तक खाली वाजवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. म्हणून या डब्यांचे पडदे मोठे, मशीन मोठी आणि किमतीही मोठ्या.

महागड्या सबवूफरमध्ये मुख्यतः दोन जाती. एक सीलबंद, चारही बाजूंनी बंद डबा. आतली हवा स्प्रिंगसारखं काम करते, ठोका वाजतो आणि लगेच थांबतो. दुसरा पोर्टवाला, म्हणजे डब्याला भोक किंवा नळी असलेला. त्या नळीतली हवा ठरावीक सुराला स्वतःच घुमते, त्यामुळे तळाशी जास्त दणका मिळतो. एसव्हीएस या अमेरिकी कंपनीची दोन मॉडेलं शेजारी ठेवली की फरक कळतो. एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो, दोन्हींत बारा इंची स्पीकर, दोन्हींत ३२५ वॅटचं मशीन. पहिला सीलबंद, सुटसुटीत, २० हर्ट्झपर्यंत जातो. दुसरा पोर्टवाला, आकारानं बराच मोठा, १७ हर्ट्झपर्यंत जातो. गाण्याचे शौकीन सहसा पहिल्याकडे वळतात, सिनेमावाले दुसऱ्याकडे. ब्रिटनच्या केईएफ कंपनीचा केसी६२ तर इतका छोटा की टीपॉयखाली मावेल. त्यात साडेसहा इंची दोन स्पीकर पाठीला पाठ लावून बसवलेत, एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि डबा स्वतः थरथरत नाही. पडदे लहान, म्हणून त्यांना हलवायला १००० वॅटचं मशीन.

माझा पुण्यातला भाचा या विषयात पार बुडालेला आहे. दिवाळीत त्याच्याकडे गेलो तेव्हा हे सगळं त्यानं ऐकवून दाखवलं. त्याच्या खोलीत दोन सीलबंद सबवूफर आहेत. मी म्हटलं, “बापरे, दोन? शेजारी मारायला येत नाहीत?” तो म्हणाला, “मामा, दोन आहेत म्हणूनच येत नाहीत.” मला काही कळलं नाही. मग त्यानं माझ्या खोलीची मापं विचारली.

माझी खोली १४ फूट लांब. त्यानं लगेच हिशेब केला: इतक्या लांबीची खोली साधारण ४० हर्ट्झला घुमते. त्या सुराला खोलीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींशी आवाज सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मधोमध सगळ्यात कमी. मग विचारलं, “तुमचा सोफा कुठं आहे?” मधोमध. “डबा कुठं आहे?” कोपऱ्यात, काकाजींच्या भिंतीला लागून. “मग झालं तर. तुम्ही जिथं बसता तिथं बेस ऐकूच येत नाही. म्हणून तुम्ही बटण वाढवता. आणि वाढवलेला सगळा बेस जातो शेजाऱ्याकडे.”

म्हणजे वर्षभर मी काकाजींसाठी सबवूफर वाजवत होतो.

दोन डबे समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर खोलीतला हा उंचसखलपणा बराच कमी होतो, हे हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ च्या सुमारास अभ्यास करून मांडलंय. सगळीकडे सारखं ऐकू आलं की बटण वाढवायची गरज पडत नाही. भाच्याचे शेजारी त्याच्यामुळे शांत झोपतात.

आणखी एक गोष्ट तिथंच कळली. भाच्यानं एक ख्यालाची ध्वनिफीत लावली आणि मधेच सबवूफर बंद केला. मला फरक जवळजवळ कळलाच नाही. कारण सरळ आहे. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. आपल्या बैठकीच्या गाण्यात त्याखाली फारसं काही नसतंच. चाळिसाच्या खाली जे वाजतं ते सिनेमातले स्फोट, इमारती पडणं आणि संगणकावर बनवलेला बेस. सबवूफर हा संगीताचा आत्मा वगैरे आहे असं दुकानदार सांगतात. आपल्या गाण्यापुरतं तरी ते खरं नाही.

आता मीटरकडे येऊ

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं ५० आणि ४०. सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तिथपर्यंत. खासगी घरातल्या यंत्रणेचा आवाज हद्दीवर मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट. हे बहुतेकांना कमीजास्त माहीत आहे.

माहीत नसतं ते एक छोटं अक्षर. हे सगळे आकडे ‘डेसिबल ए’ मध्ये आहेत. ‘ए’ म्हणजे मीटरमधली एक चाळणी. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो, म्हणून मीटरही खालचे सूर कमी करून मोजतो. ही पद्धत ज्या अभ्यासातून आली तो १९३३ चा, आणि चाळणी बेतलेली आहे हळू आवाजासाठी. ६३ हर्ट्झला ती २६ डेसिबल कापते. ५० हर्ट्झला ३० कापते. ३१.५ हर्ट्झला ३९.

हिशेब करून पाहा. ५० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा बेस असेल, तर मीटर दाखवणार ५५. बरोबर दिवसाच्या मर्यादेत! रात्री घराच्या हद्दीवर ४५ अधिक ५ म्हणजे ५० चालतात. म्हणजे ८० डेसिबलचा बेस मध्यरात्रीसुद्धा कागदावर पास. तोच आवाज मीटरवरचं ‘सी’ बटण दाबून मोजला तर ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल कापला जातो आणि आकडा जवळजवळ खरा दिसतो.

‘ए’ चुकीचा आहे असं नाही. बोलणं, हॉर्न, भोंगा, यंत्रं यांच्यासाठी तो ठीक आहे. कानही बेसला खरंच मंद आहे. पण दोन गोष्टी तो सांगत नाही. एक, खालचा सूर एकदा ऐकू यायला लागला की थोडं बटण वाढवलं तरी तो भराभर मोठा वाटतो. दोन, भिंती वरचे सूर अडवतात, खालचे जाऊ देतात. हिवाळ्यात रात्री लांबच्या जिनिंगची घरघर आपल्याला ऐकू येते, तिथल्या माणसांचं बोलणं येत नाही. तसंच हे. दार-खिडकी लावली की गाणं बाहेर राहतं आणि धम्म-धम्म आत येतं. आपल्याकडच्या टिनाच्या छतांचं तर विचारूच नका, तेही सोबत वाजायला लागतं.

हे मी शोधलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली वस्तीतल्या आवाजाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात लिहिलंय की बेस जास्त असेल तिथं नुसतं ‘ए’ मोजून भागत नाही. ‘सी’ आणि ‘ए’ मधला फरक १० पेक्षा जास्त निघाला तर कोणत्या सुराला किती आवाज आहे ते तपासावं, आणि मर्यादा आणखी कमी ठेवाव्यात. जर्मनीत घरात येणाऱ्या खालच्या आवाजासाठी वेगळं मानक आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या मैफिलींसाठी १९९५ साली जी मार्गदर्शिका निघाली तीत ६३ आणि १२५ हर्ट्झचा वेगळा विचार आहे. आपल्या नियमांत अजून ‘ए’ सोडून दुसरं अक्षर नाही.

म्हणून काकू खरं बोलत होत्या, आणि माझ्या फोनमधलं ॲपही त्याच्या हिशेबानं खोटं बोलत नव्हतं.

मग डीजे

यानंतर मी आमच्या तालुक्यातल्या एका डीजेवाल्याकडे गेलो. पोरगा तिशीचा. बातमीसाठी नाही, ऐकायला. त्याच्याकडे बेसचे चार डबे, प्रत्येकात अठरा इंची दोन स्पीकर. धंद्यात ‘डबल अठरा’ म्हणतात. माझ्या दहा इंची पडद्यापेक्षा एक अठरा इंची सव्वातीन पट मोठा. असे आठ, म्हणजे माझ्या डब्याच्या सव्वीस पट पडदा एका गाडीवर. गंमत म्हणजे हे डबे घरच्या चांगल्या सबवूफरइतके खोल जात नाहीत. साधारण चाळीस हर्ट्झच्या आसपास त्यांचा जोर संपतो. पण घरचा सबवूफर एका खोलीसाठी असतो आणि यांना सगळा चौक भरायचा असतो. खोलीत जी मदत भिंती करतात ती रस्त्यावर मिळत नाही, म्हणून नुसत्या ताकदीनं भरतात.

त्याला विचारलं, एवढा बेस लागतो का रे? तो म्हणाला, “दादा, मले नाही लागत. पोट्टे म्हणते छातीत वाजला पाहिजे. नाही वाजला तं लोक पैसे कापून देते. दुसऱ्या गावचा डीजे पाहून ठेवला असते त्यायनं.”

डबे कर्जावर घेतलेत. हप्ता दर महिन्याला, ऑर्डर मात्र लग्नाचे आणि सणाचे मिळून चार-पाच महिने. एकदा गाडी जप्त झाली की सिझन गेला. त्याच्या हातातही फोनच, मीटर नाही. “कोणी सांगतच नाही किती लावायचा. परवानगीवर लिहिते ‘मर्यादेत’. मर्यादा कुठं उभं राहून मोजायची?” तोही स्वतः कानात कापूस घालतो. रात्री घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत राहते म्हणाला. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानते, आणि आवाज ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा करते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हा पोरगा अख्खी मिरवणूक गाडीवर उभा असतो.

मी वीस वर्षं याच्यावर बातम्या लिहितोय, याच्याशी कधी बोललो नव्हतो.

आणि आणखी एक कबुली. जुन्या बातम्या काढून पाहिल्या. निवडून आलेल्या उमेदवाराच्या मिरवणुकीत डीजे वाजला की आमचा शब्द ‘जल्लोष’. तोच डीजे एखाद्या वस्तीतल्या वरातीत वाजला की ‘दणदणाट’. बेस तोच, डबे तेच, कधी कधी डीजेवालाही तोच. शब्द आम्ही माणसं पाहून बदलला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला पाहिजे.

‘आमच्याच सणाला का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर सोपं आहे. बेसला जात नाही, धर्म नाही, पक्ष नाही. गणपती, दुर्गा, जयंती, संदल, वरात, विजयी मिरवणूक, सगळीकडे डबल अठराच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असं सांगितलं, ते ‘कोणत्याही’ या शब्दासकट वाचावं. २०१८ मध्ये ध्वनियंत्रणावाल्यांची संघटना याच न्यायालयात गेली होती, तेव्हाही विसर्जनाच्या तोंडावर डीजेला सवलत मिळाली नाही. निकालांची कमतरता नाही. २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आहे, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरचा २०१६ चा आहे.

आवाजाचा आपल्याला तिटकारा आहे असंही नाही. आपण धुमालवर नाचलेली माणसं आहोत. गुरुकुंज मोझरी इथून लांब नाही, राष्ट्रसंतांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली. डफ, ढोल, संबळ, सगळ्यांत ठोका आहे. फरक एवढाच की ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखतात, तो थांबतो. मशीनचे हात दुखत नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रात या भिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाजातला त्रास कमी करणाऱ्याचं नाव आपण त्रासाला दिलं!

करायचं काय

नुसती तक्रार करून थांबायचं नाही म्हणून पाच गोष्टी सुचवतो. चुकत असेन तर सांगा.

पहिली. जे आहे ते आधी पाळा. रस्त्यावरचा डीजे ‘ए’ च्या मापानंही मर्यादेच्या कितीतरी वर असतो, कारण त्यात नुसता बेस नसतो, टॉपही असतात. तिथं ‘सी’ नाही म्हणून कारवाई अडली असं कोणी म्हणू नये.

दुसरी. बंदोबस्तात पोलिसांकडे जे ध्वनिमापक असतात, त्यातल्या बहुतेकांत ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही बटणं असतात. दोन्ही आकडे पंचनाम्यात लिहा. ‘सी’ वर आज गुन्हा होणार नाही, मान्य. पण दोन-तीन सणांचे आकडे जमा झाले की नियम बदला म्हणायला हातात काही तरी असेल. नियम केंद्राचे आहेत, राज्यानं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं तसं लिहून पाठवावं.

तिसरी. माप तक्रारदाराच्या घरात घ्या, दार लावून, पलंगाजवळ. चौकात उभं राहून काकाजींचा त्रास मोजता येत नाही.

चौथी. परवानगीवर ‘मर्यादेत’ असं लिहू नका. बेसचे डबे किती, रुग्णालयासमोरून जाताना बंद कुठून कुठपर्यंत, हे लिहा. आणि हे सगळं सिझनच्या आधी डीजेवाल्यांना बोलावून, चहा पाजून सांगा. विसर्जनाच्या रात्री गाडी जप्त करून पोराचा हप्ता बुडवणं ही कारवाई दिसायला चांगली दिसते, पुढच्या वर्षी तिथंच दुसरी गाडी उभी असते. सगळ्यांना एकच मर्यादा लागली तर ‘दुसऱ्या गावचा डीजे’ हे कारण आपोआप जातं. लॉन आणि मंगल कार्यालयांनाही हेच लागू करा, तिथं तर जागा ठरलेली असते, पळून जात नाही.

पाचवी आपल्या घरातली. आर्वीत आता बऱ्याच घरांत होम थिएटर आलेत. आमचा एक व्यापारी मित्र आहे, त्याच्याकडे वरच्या मजल्यावर पंधरा इंची पोर्टवाला डबा आहे, खाली भाडेकरू राहतात. डबा घ्यायच्या आधी तो किती हर्ट्झपर्यंत जातो हे आपण विचारतो. भिंत कोणाची आहे हे विचारत नाही. सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून डबा लांब ठेवा. नऊनंतर बेसचं बटण खाली आणा. छोट्या घरात गाणीच ऐकायची असतील तर छोटा सीलबंद पुरतो. आणि चांगले स्पीकर असतील तर सबवूफर नसला तरी काही बिघडत नाही, हे पैसे गेल्यावर कळलेलं सांगतोय.

माझ्या डब्याचं काय केलं? दुसऱ्या बाजूच्या भिंतीशी, मधोमध नेला. तिकडं बोळ आहे, कोणाचा पलंग नाही. सोफा मागं सरकवला. आता आधीपेक्षा निम्म्या बटणावर मला जास्त ऐकू येतं. मग काकूंकडे जाऊन काकाजींच्या पलंगावर बसलो आणि पोराला म्हटलं, लाव. पेले गप्प होते. काकाजी म्हणाले, “लावला का?” म्हटलं, “लावला.” म्हणाले, “मंग ठीक आहे.”

सबवूफर तोलायची माझी पद्धत आता एवढीच आहे: आपल्या सोफ्यावर बसून ऐकायचं, आणि मग शेजाऱ्याच्या पलंगावर बसून ऐकायचं.

विसर्जनाला यंदाही मी रस्त्यावर असेन, बातमी पण लिहीन. फक्त या वेळी जल्लोष कोणाचा आणि दणदणाट कोणाचा हे माणूस पाहून ठरवणार नाही. आणि मिरवणूक पुढं गेल्यावर दोन-चार घरांत आत जाऊन ऐकणार आहे. तुमच्या घरात, दार लावल्यावर काय ऐकू येतं? खाली लिहा. वॉर्डाचं नाव आणि वेळ टाका, म्हणजे निवेदन देताना कामी येईल.